जालना जिल्ह्यातल्या ग्रामसभांना खुले पत्र : यंदा उपशाचा हिशेब मांडा

प्रति,
सर्व सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेचे मतदार,
जालना जिल्हा.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मंत्र्यांना लिहिता आलं असतं. जिल्हाधिकाऱ्यांनाही लिहिता आलं असतं. तशी पत्रं लिहून झाली आहेत, माझी आणि माझ्यासारख्या पुष्कळांची. पण मला जे बोलायचं आहे ते कुठल्याच कार्यालयाच्या एकट्याच्या हातातलं नाही. आपल्या शिवारात किती विहिरींना आडवी बोअर मारलेली आहेत, कुणाच्या शेततळ्यात रात्री कुठलं पाणी पडतं, कोणत्या नाल्याच्या काठाला चैत्रातही ओल राहते, हे मुंबईला दिसत नाही आणि जालन्यालाही दिसत नाही. तुम्हाला दिसतं. म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

मागणी एकच आहे, ती आधी सांगून टाकतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, गहू-हरभऱ्याचं बियाणं घरात यायच्या आधी, गावाने जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब मांडावा. आणि त्या तारखेनंतर विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून शेततळ्यात साठवायचं नाही, असा ठराव करावा.

हे मी सांगतो आहे तो कुणी पाणीतज्ज्ञ म्हणून नाही. मी मोसंबीवाला आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा जिल्ह्यातल्या सगळ्या बागायतदारांसारखा मलाही आनंद झाला होता. पण ज्या बागेच्या जिवावर तो आनंद करायचा, ती माझी चार एकर बाग तोवर उरली नव्हती.

२०१२ चा पावसाळा आठवा. पोळ्याला विहिरीत पाणी नव्हतं. साडेचारशे झाडं, चौदा वर्षांची, भर उत्पन्नातली. त्या झाडांकडे बघून झोप लागत नव्हती. मी पाणाड्या आणला, त्याने नारळ हातावर धरून जागा दाखवली, आणि रात्री दोन वाजता तमिळनाडूच्या पाटीची बोअरची गाडी शेतात उभी राहिली. पहिलं बोअर तीनशे फूट, नुसता धुरळा. दुसरं चारशे, धुरळा. तिसऱ्याला साडेपाचशेवर दीड इंच पाणी लागलं आणि घरात पेढे आले. त्यानंतर आठ दिवसांच्या आत बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याची सत्तर फुटांची विहीर आटली. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच नाल्यावर, खालच्या अंगाला. तिचा तळ दिवाळीनंतर दिसला आणि जानेवारीत गावात टँकर आला. माझं बोअर मार्चपर्यंत चाललं. मग चौथं मारलं, पाचवं मारलं, दोन्ही कोरडी. मे महिन्यात करवत लावून झाडं पाडली आणि सरपणाच्या भावाने विकली.

शेजारी मला कधी एक शब्द बोलला नाही. आजही बोलत नाही, म्हणजे त्या विषयावर बोलत नाही. पण त्याच्या घरची बाई डोक्यावर हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी असलेली मी पाहिली आहे, आणि ती रांग माझ्या साडेपाचशे फुटांपासून सुरू झाली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

म्हातारी माणसं सांगायची की बहात्तरच्या दुष्काळात खायला दाणा नव्हता, पण विहिरींना पाणी होतं. सुकडी खाऊन माणसं रोहयोच्या कामावर गेली, पाझर तलाव त्यांनीच खोदले. २०१२ ला रेशनवर धान्य होतं आणि विहिरीला पाणी नव्हतं. पाऊस दोन्ही वेळी दगा देऊन गेला. फरक पडला तो मधल्या चाळीस वर्षांत आपण जमिनीला पाडलेल्या भोकांचा.

आपल्या पायाखाली काय आहे ते विहीर खोदणाऱ्या कुठल्याही वडाराला विचारा. वर काळी, मग मुरूम, मग मांजऱ्या, खाली काळा पाषाण. महाराष्ट्राची जवळजवळ ऐंशी टक्के जमीन या काळ्या कातळावर बसलेली आहे. गंगेच्या काठच्या वाळूसारखा हा खडक पाणी पोटात धरत नाही. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या फटींत, आणि त्या फटी भरायला एक पावसाळा पुरतो तशा रिकाम्या व्हायला एक हिवाळाही पुरतो. साडेपाचशे फुटांवर कुठला समुद्र नाही. तिथे एखादी जुनी फट सापडते, तिच्यात वर्षानुवर्षं मुरलेलं थोडं पाणी असतं, ते काही महिन्यांत संपतं. बऱ्याचदा तर तेही नसतं. बोअर वरच्या थरातलंच पाणी खाली ओढून घेतं. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी माझ्या पाइपातून निघतं आणि मी म्हणतो, माझ्या नशिबाने लागलं.

आणि आता पाऊसही पहिल्यासारखा राहिलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच वेळी पावसाचं एकूण मान मात्र घटत गेलं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत. दोनच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की मातीसकट पिकं गेली. झिमझिम पाऊस पंधरा दिवस पडला तर मुरमात उतरतो. तोच पाऊस दोन रात्रीत पडला तर नाल्याने गोदावरीला आणि गोदावरीने तेलंगणात जातो. पर्जन्यमापकावर आकडा चांगला दिसतो, तहसीलची सरासरी भरते, आणि फेब्रुवारीत विहीर खडखडीत. यापुढे 'सरासरी इतका पाऊस' या शब्दांवर विसंबून रब्बी ठरवता येणार नाही. किती पडला यापेक्षा किती मुरला हे पाहावं लागेल, आणि ते पाहण्याची जागा म्हणजे विहीर.

आता हिशेब. हा मी कागदावर स्वतः मांडला आहे; तुमच्या गावाचं क्षेत्र घालून तुम्हीही मांडा, पाचवीच्या पोराला जमेल. समजा गावाचं शिवार हजार हेक्टर आहे आणि पाऊस ६०० मिलिमीटर झाला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणजे गावावर ६०० कोटी लिटर पाणी पडलं. यातलं जमिनीत किती मुरतं? भूजल मोजणारे आपल्या खडकासाठी साधारण सात ते तेरा टक्के धरतात. आपण दहा धरू. ६० कोटी लिटर. त्यातलंही काही डिसेंबरपर्यंत नाल्यांना पाझरून निघून जातं, ते सध्या सोडून देऊ.

गावची वस्ती दीड हजार. जल जीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर. वर्षाला लागतात तीन कोटी लिटर. साठातले तीन. गुराढोरांचं धरून पाच म्हणा. तरीसुद्धा मार्चमध्ये टँकरची मागणी करणारा ठराव आपण त्याच ग्रामसभेत करतो. बाकीचे पंचावन्न कोटी कुठे गेले, हा प्रश्न त्या ठरावात कुठेच नसतो.

ते आपल्याच शेतात गेले, आणि जायलाच हवे होते, शेतकऱ्याने काय हवेवर जगावं? पण कसे गेले ते बघा. एकरभर हरभऱ्याला पेरणीपासून काढणीपर्यंत मोजून दहा लाख लिटर पाणी पुरतं. एकरभर उसाला ऐंशी लाख ते कोटभर लिटर लागतं. बोअरच्या पाण्यावर एका घराने दोन एकर ऊस लावला की त्याच नाल्यावरच्या सोळा-वीस एकर हरभऱ्याचं पाणी संपलं. लावणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही. त्याला एवढंच माहीत असतं की मी नाही उपसलं तर दुसरा उपसणार. आपल्या गावांना पाण्याची जी तूट लागली आहे ती या एका वाक्यातून लागली आहे, असं माझं ठाम मत आहे.

आता शेततळ्यांकडे येतो, कारण या पत्रावर सगळ्यात जास्त राग तिथेच येणार आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आलं, पन्नास हजारांपर्यंत अनुदान मिळालं. कल्पना चांगली होती: वरून वाहून जाणारं पावसाचं पाणी शेताच्या सखल कोपऱ्यात अडवायचं, आणि पावसाने ओढ दिली की त्यातून कोरडवाहू पिकाला एक-दोन पाणी द्यायचं. झालं काय? तळं सखल कोपऱ्यात न होता उंचवट्यावर झालं, चारी बाजूंनी भराव घातला गेला, आत पन्नी अंथरली. वाहतं पाणी आत यायला वाटच ठेवली नाही. मग ते भरतं कशाने? विहिरीने आणि बोअरने. ऑक्टोबर ते जानेवारी मोटर चालू, आणि जे पाणी जमिनीखाली सावलीत, सगळ्यांच्या मालकीचं होतं ते वर उन्हात, एकाच्या मालकीचं होऊन बसतं.

तीस बाय तीस मीटरच्या, तीन मीटर खोल तळ्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. त्याचा वरचा पसारा ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उन्हाने उडालं, तर भरलेल्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर नुसती वाफ होते. ५५ लिटरच्या मापाने ते १३० माणसांचं एका दिवसाचं पाणी आहे. एका तळ्याचं. आपल्या काही गावांत अशी शंभरावर तळी आहेत, आणि काही तर कोटी लिटरची.

इथे कुणीतरी कडवंचीचं नाव घेईलच, म्हणून ते मीच घेतो. आपल्याच जिल्ह्यातलं हे गाव शेततळ्यांवर उभं राहिलं, द्राक्षात नाव कमावलं. खरं आहे. पण कडवंचीत १९९६ पासून आधी पाणलोटाचं काम झालं. विजयअण्णा बोराडे आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, सलग समतल चर, नाल्यावरचे बंधारे उभे केले. पाणी मुरवण्याची सोय आधी झाली, तळी पाठोपाठ आली. आपण पहिला भाग गाळून दुसरा उचलला. आणि पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरून वाहते आहे, तेव्हा तिचं वरचं पाणी तळ्यात घेतलं तर त्याला माझी हरकत नाही. जमिनीला त्या दिवसांत आणखी पाणी घ्यायला जागाच नसते. हरकत आहे ती पाऊस गेल्यावरच्या उपशाला. म्हणूनच मी तारीख मागतो आहे. तळी बुजवा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

हे होण्यासारखं आहे का? दोन गावं सांगतो, दोन्ही आपल्यासारख्याच कोरड्या पट्ट्यातली. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. नियम असा की पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. पन्नास वर्षांपूर्वी हे एका माणसाला सुचलं आणि गावांनी पाळलं, याचं मला अजून नवल वाटतं. दुसरं गाव नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या गावात पाणलोटाचं काम मोठं झालं हे सगळे सांगतात, सहलीही जातात. पण मला मोठी वाटते ती त्यापुढची गोष्ट. पाणी वाढल्यावर ते गाव थांबलं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस-केळीला बंदी केली, आणि २००४ पासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवू लागलं. पाऊस कमी झाला त्या वर्षी उन्हाळी पीक नाही. आपण तिथून चर खोदायचे कसे ते शिकून आलो. ताळेबंद तिथेच ठेवून आलो.

जलयुक्त शिवारचंही तेच झालं. नाले खोल झाले, रुंद झाले, फोटो निघाले. महालेखापालांच्या २०२० च्या अहवालाने विचारलं की ९,६०० कोटींहून जास्त खर्चून भूजल वाढलं का, तर उत्तर समाधानकारक नव्हतं. पाणी अडवणं आणि जिरवणं हे जमेच्या बाजूचं काम. खर्चाची बाजू मोकळी सोडली की जमा कितीही वाढली तरी ताळा जुळत नाही. आपल्या घरातली बाई हे पहिल्या तारखेला सांगते.

कायदा आहे का, तर आहे. १८८२ च्या जुन्या कायद्यापासून आपल्याकडे समज पक्का झाला की ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी. त्याला आळा घालणारा भूजल अधिनियम महाराष्ट्राने २००९ मध्ये केला, तो २०१४ पासून लागू झाला. त्यात विहिरींची नोंदणी आहे, पाणलोट क्षेत्राची समिती आहे, पाणीवापराची आणि पिकांची योजना आहे. साठ मीटर, म्हणजे दोनशे फुटांहून खोल विहीर ही 'खोल विहीर', आणि अधिसूचित क्षेत्रात तशी नवी घ्यायला मनाई आहे. १९९३ च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या स्रोताजवळ पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावरही बंधन आहे. माझं साडेपाचशे फुटांचं बोअर गावच्या विहिरीपासून किती अंतरावर होतं ते मी त्या रात्री मोजलं नव्हतं. कुणी मोजायला आलंही नाही. नंतर मोजलं. ते पाचशे मीटरच्या आत होतं.

अटल भूजल योजनेत आपला जिल्हा होता, पोकरा म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही होता. त्यातून काही गावांत पर्जन्यमापक बसले, भिंतींवर ताळेबंदाचे फलक रंगले. तो कागद करणाऱ्यांनी मेहनत घेतली होती. पण फलक वाचून कुणी गव्हाचं एक वावर कमी पेरलं, असं माझ्या पाहण्यात नाही. कारण तो हिशेब गावाने मांडलेला नव्हता, गावासाठी कुणीतरी मांडून दिला होता.

म्हणून ग्रामसभा. तिथे काय करायचं ते माझ्या डोक्यात असं आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गावातल्या दहा-पंधरा विहिरींना दोरी सोडून पातळी मोजायची: काही माथ्यावरच्या, काही मधल्या, काही नाल्याकाठच्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत, त्यांच्या जुन्या नोंदी मागून घ्यायच्या. मागितल्या तर मिळतात. मोजायला शाळेतली मुलं घ्या, ती चुकत नाहीत आणि कुणाला भीत नाहीत. २ ऑक्टोबरच्या आधी महिलांची ग्रामसभा असते. पिण्याच्या पाण्याचा वाटा किती आणि कोणत्या विहिरीत राखून ठेवायचा, हे त्या सभेने ठरवावं, आणि तो वाटा दुसऱ्या दिवशी कुणीही बदलू नये. हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांना हा अधिकार पहिला. मग उरलेल्यात रब्बी बसवायची: हरभरा-शाळू किती, गहू किती, आणि पातळी अमुकच्या खाली असेल तर उन्हाळी भुईमूग नाहीच.

फळबागवाल्यांना मी वेगळं सांगतो, कारण मी त्यातलाच आहे. आंबे बहार धरला की ऐन उन्हाळ्यात फळं पोसावी लागतात, एप्रिल-मेमध्ये पाणी तोडता येत नाही. मृग बहार धरला तर त्याच दिवसांत झाडाला ताण द्यायचा असतो. पाणी ज्या वर्षी कमी आहे त्या वर्षी मृग बहार धरा. भाव कमी-जास्त होईल, पावसाने ओढ दिली तर बहार फुटायला त्रास होईल, हे मला माहीत आहे. पण करवत लावण्यापेक्षा तो त्रास परवडला. आणि जेवढं पाणी खात्रीने आहे तेवढीच बाग ठेवा. पुन्हा लावताना मी चारऐवजी दीड एकर लावली.

विरोध होईल. 'कर्ज काढून बोअर मारलं, आता मी मोटर बंद ठेवू?' असं कुणी म्हणालं तर त्याला गप्प बसवू नका, त्याचं खरं आहे. ज्यांनी बोअरसाठी कर्ज काढलं ते सगळे धनदांडगे नाहीत. बहुतेक माझ्यासारखे घाबरलेले होते. त्यांच्या बागा वाचवायला दोन-तीन वर्षांची मुदत द्या, ठिबक नसेल तर आधी ठिबक, आणि एका नाल्यावरच्या चार-पाच घरांनी मिळून एकच बोअर चालवायचं असं जुळवता येईल का ते बघा. मात्र नव्या बोअरला मुदत नको. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल २०२४ पासून माफ आहे, सौरपंप आले, ते दिवसभर फुकट चालतात. रात्री सापाविंचवात पाणी द्यायला जाणं सुटलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण पूर्वी वीज जायची तेव्हा विहिरीला दम खायला वेळ मिळायचा. आता तो वेळ आपणच ठरवून दिला नाही तर तो तिला मिळणार नाही.

प्रशासनाने यात एवढंच करावं: ज्या गावाचा ठराव येईल तिथे पाऊस गेल्यानंतरच्या उपशावर बसलेल्या तळ्याला नवं अनुदान देऊ नये, आणि गावाने नोंदवलेल्या हद्दीत बोअरची गाडी शिरली तर तहसीलदाराने त्या रात्रीच फोन उचलावा.

माझं शेततळं आहे, पन्नीचं, तीस बाय तीसचं. मीही ते विहिरीने भरत आलो आहे. यंदा त्याला वरच्या बांधाच्या बाजूने गाळ अडवणारा खड्डा आणि पाणी आत यायला चारी काढली आहे. जुलैतल्या दोन पावसांत ते अर्ध्यावर आलं. २ ऑक्टोबरनंतर मोटरीचा पाइप त्यात सोडणार नाही, असं मी आमच्या ग्रामसभेच्या नोंदवहीत सहीनिशी लिहून देणार आहे. शेजाऱ्याला मी सांगून ठेवलं आहे की त्याने साक्षीदार म्हणून सही करावी. तो 'बघू' म्हणाला आहे.

आपला,
एक मोसंबी उत्पादक शेतकरी
जालना जिल्हा